खड्ड्यातली राख

तेव्हा खाडीवर पूल नव्हता. बाबा होडीतून माणसांना पलीकडे नेत. एकदा होडी आणि धक्का यांच्यामध्ये सापडून त्यांचा उजवा हात चिरडला आणि काही दिवसांतच सडू लागला. मालवणात खाजगी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांनी तो कोपरापासून कापला.

आईने हात मागितला. तिला तो आमच्या माडाखाली पुरायचा होता.

"बाई, त्यात विष आहे. घरी नेता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. दवाखान्यातले रक्ताचे बोळे आणि पट्ट्या मागच्या परसातल्या खड्ड्यात जाळत. हातही तिथेच गेला.

संध्याकाळी बाबा शुद्धीवर आले, तेव्हा खिडकीतून धूर येत होता. मी खिडकी लावायला उठले, पण त्यांना वास आला होता.

"काय जळता गो?" त्यांनी आईला विचारलं.

"पालोपाचोळो."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. "माझोच हात मा तो?"

आईने तोंडाला पदर लावला. बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

सकाळी आई खड्ड्यापाशी गेली. चिमूटभर राख मिळाली तर ती खाडीत सोडणार होती. दवाखान्यातला गडी तिथे राख ओढत होता.

"वयनी, हेच्यात सगळ्यांच्यो पट्ट्यो आसत, काचा आसत. तुमची राख खंयची, ता माका कसा कळतला?"

 आईने राखेला हात लावला नाही, ती तशीच माघारी फिरली.

"दुसऱ्या कोणाची आसली तर?" वाटेत ती एवढंच म्हणाली.