मुकदमा मिळावा म्हणून

निजामी राजवटीच्या अखेरच्या उन्हाळ्यात माझ्या चुलत्याला पोलिसांनी नेलं. तो मेंढपाळ होता, बोरीजवळच्या एका वस्तीवर राहणारा. वऱ्हाडच्या हद्दीवरचा एक करोडगिरी नाका, म्हणजे जकातीचं ठाणं, जाळला गेला होता. बाँब टाकला असं लोक म्हणत. त्या सुमारास चुलत्याचा कळप नाक्यालगतच्या रानात बसलेला होता. पेरणीआधी शेतकरी रानात मेंढ्या बसवून घेतात. जमिनीला खत मिळतं, मेंढपाळाला ज्वारी. त्या रानाच्या मालकाने स्वतःच बोलावणं धाडलं होतं.

मी तेव्हा शाळामास्तर होतो. उर्दू येत असल्याने चुलती मला घेऊन परभणीला आली. तुरुंगाच्या अंमलदाराने सभ्यपणे सांगितलं की आरोप काही नाही, फक्त शक आहे. कधी सोडणार, असं विचारलं तेव्हा तो म्हणाला की शिक्षा झालेल्याची मुदत सांगता येते, याला शिक्षा झालेली नाही. हे ऐकून मला बरं वाटलं. बाहेर आल्यावर बरं का वाटलं ते कळेना.

चुलत्याचा त्या जाळपोळीशी संबंध होता का, हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आजही नाही. नाका जाळणारे निजामाविरुद्ध लढणारे, म्हणून आम्हाला आपले वाटत. त्या आगीत भाजलेला शिपाईही आमच्याच भागातला होता. भेटीत मी चुलत्याला विचारलं की कळपाजवळ कोणी परकी माणसं येऊन जेवली होती का. त्याने सांगितलं की रानात भाकर मागणाऱ्याला तो नाव विचारत नाही.

आम्ही वकील गाठले. त्यांचं म्हणणं सरळ होतं: मुकदमाच नाही, तर उभं कशात राहायचं? कसलाही लहानसा मुकदमा झाला तर न्यायाधीश, म्हणजे मुन्सिफ, त्याला समोर आणायला लावतील, आणि मग आत का ठेवलाय हे पोलिसांना विचारतील. चुलतीने हे नीट ऐकून घेतलं आणि थेट रानाच्या मालकाकडे गेली. मेंढ्यांनी तुमचं विहिरीवरचं हिरवं कडवळ खाल्लं अशी फिर्याद द्या, असं तिने विनवलं. मालक आधी हसला, मग कबूल झाला.

पुढच्या भेटीत चुलत्याला हे सांगितलं तेव्हा तो जाळीपलीकडे उठून उभा राहिला.

"बाँबवाला म्हणायलेत, म्हणू द्या. मेंढ्यानं पीक खाल्लं म्हणलं तर उद्या रानात बसवायला कोण बोलवील मला?"

"तुमी बाहीर आल्यावर बसवायचं हाय ना?" चुलती म्हणाली. "का आतूनच हाका मारून बसवणार?"

तिने त्याचं न ऐकता फिर्याद दाखल करवली.

मुन्सिफाच्या कचेरीत त्याला आणलं गेलं. इथपर्यंत वकिलांचं बरोबर ठरलं. मालकाने शपथ घेतली. मालकाला काही विचारायचं आहे का, असं मुन्सिफाने चुलत्याला म्हटलं. चुलता मालकाकडे वळला.

"मालक, माझी मेंढरं कवा कुणाच्या पिकात गेली?"

मालकाने नजर खाली घातली. म्हणाला, "न्हाई गेली. मीच बोलवलं व्हतं त्याला."

मुन्सिफाने मालकाला खोट्या फिर्यादीबद्दल खडसावलं आणि चुलत्याला निर्दोष ठरवलं. वकिलांनी लगेच उठून विचारलं की मग हा माणूस कैदेत कशासाठी आहे? पोलिसांनी वरून आलेला नजरकैदेचा एक हुकूम पुढे केला. मुन्सिफाने तो वाचला, परत दिला आणि ही बाब आपल्या अखत्यारीतली नाही असं सांगितलं. शिपाई चुलत्याला घेऊन निघाले. जाता जाता तो बायकोजवळ थांबला. इतका खुश मी त्याला त्या उन्हाळ्यात पाहिला नव्हता.

"ऐकलंस ना? सायेबानंच म्हणलं, मेंढ्यानं खाल्लं न्हाई."

मालक कचेरीबाहेर आमची वाट बघत होता. चुलतीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती मला म्हणाली, "तू शिकलेला हायस. सुटले का न्हाई सुटले, नीट सांग."

मी म्हणालो, सुटले. मग म्हणालो, नाही. माझी दोन्ही उत्तरं खरी होती, पण तिला त्यांचा काही उपयोग नव्हता. तिने जरा विचार केला आणि वकिलांकडे वळली.

"मग आता चोरी लावा. माझ्या माहेरची एक शेळी हाय, माझ्या नावाची. ती ह्यांनी चोरली म्हणून मीच फिर्याद देते. मी काय त्या मालकावानी पलटायची न्हाई."

वकील हसले नाहीत. नवऱ्याने बायकोची शेळी चोरली असा मुकदमा उभा राहतो की नाही, हे त्यांना लगेच सांगता येईना. पुस्तकात बघून सांगतो, म्हणाले.