मामांची पायाची गिटार

मामा माझे सख्खे मामा नव्हते. ते साखर कारखान्यात फिटर होते आणि लग्नसराईत आमच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. मी तबला आणि ऑक्टोपॅड वाजवायचो. पार्टीतले सगळेच त्यांना मामा म्हणायचे, म्हणून मीही म्हणायला लागलो. ते मला 'भाचेबुवा' म्हणत, आणि तालात चुकलो की नुसतंच 'भाच्या'. एका लग्नात किती वेळा 'भाच्या' झालं, त्यावरून मी त्या दिवशी कसं वाजवलं हे मला कळायचं.

मांडीवर आडवी ठेवून, डाव्या हातातली स्टीलची कांडी तारांवरून फिरवत वाजवायची गिटार पुष्कळांनी ऐकली असेल. सिनेमाच्या गाण्यांच्या नुसत्या सुरांच्या कॅसेट निघायच्या, त्यात ती हमखास असे. मामांची गिटार मुळात तीच. फक्त त्यांनी तिला पाय लावला होता.

त्याचं असं झालं की कारखान्यातल्या एका इंजिनिअरसाहेबांनी परदेशातून येताना एक कॅसेट आणली. तिकडच्या गुराख्यांची गाणी, असं साहेब म्हणाले. वर्कशॉपच्या टेपवर ती लागली आणि सगळे हसले, कारण शब्द कुणालाच कळत नव्हते. मामा हसले नाहीत. त्या गाण्यांमागं एक गिटार होती, तिच्यात दोन सूर जागच्या जागी उभे राहायचे आणि तिसरा त्यांच्यामधून हळूच वर चढायचा. मामांनी ती कॅसेट मागून घेतली आणि आठवडाभर तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकला. मग म्हणाले, "हे हाताचं काम न्हाई. हात एका जागी हाय. खालनं कुनीतरी तार वढतंय."

असं वाद्य त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, चित्रातसुद्धा नाही. सायकलच्या ब्रेकची वायर, स्कूटरची एक स्प्रिंग, लोखंडी अँगलचा स्टँड आणि पायाखाली एक पट्टी, एवढ्यावर त्यांनी ते जमवलं. पट्टी दाबली की वायर ताणली जायची, वायर ताणली की दुसरी तार चढायची. दाबताना वायर कर्र वाजायची. तेल घालून, ग्रीस लावून झालं, पण ती कर्र काही गेली नाही.

पुढं कितीतरी वर्षांनी मी त्यांना मोबाईलवर खरी परदेशी पायाची गिटार दाखवली. त्यांनी चष्मा पुसून स्क्रीन मोठी करून पाहिली. खाली पायडलांची रांग, गुडघ्याला लावायचे दांडे वेगळेच. "हे गिटार वाजवत्यात का ट्रॅक्टर चालवत्यात?" असं म्हणून त्यांनी मोबाईल परत दिला. "मला एकच पुरं."

आणि खरंच त्यांना एकच पुरायचं. इतर गिटारवाले सुरावर थेट जाऊन बसतात. मामा खालून यायचे, अगदी जवळ यायचे आणि थांबायचे. ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागायचा. समेवर आमचा गायक पोचून, माझी थाप पडून गेलेली असायची, आणि मग कुठं ते पाय दाबायचे. गायक चिडायचा, म्हणायचा, ह्यांना घरी आमंत्रण पाठवायला पाहिजे. मी तबल्यावर बसून मनात त्याला म्हणायचो, बाबा, तू लवकर आलास. सूर लागल्यावर पाय सोडायचीही त्यांना घाई नसे. तार विझत आली तरी पाय दाबलेलाच, कांडी हलतेच आहे. कानाला काही ऐकू येत नसायचं, तरी गाणं संपलंय असं म्हणायला मन धजत नसे. मी आजवर बरेच कलाकार ऐकले, माझ्याच स्टुडिओत ऐकले, पण एवढ्या उशिरा येऊन एवढं बरोबर वाजवणारा दुसरा माणूस मला भेटला नाही.

त्यांची खरी पाळी पाठवणीच्या वेळी यायची. आम्ही सगळे थांबायचो आणि मामा एकटे वाजवायचे. त्याआधी ते मांडवात जाऊन नवरीच्या एखाद्या मावशीला गाठायचे आणि विचारायचे, "पोरगी आईला काय म्हनती?" कुठं आई, कुठं बय, कुठं माय, अलीकडं मम्मी. तेवढं विचारून ते गिटारीवर येऊन बसायचे. वाजवताना त्यांचे ओठ हलायचे. गाण्याचे शब्द पुटपुटायचे आणि दोन ओळींच्या मध्ये, तार चढवताना, ती हाक. बय. ए बय. गलक्यात कुणाला ऐकू जायचं नाही, मी शेजारी म्हणून मला ऐकू यायचं. नवरीला काहीच ठाऊक नसायचं, तरी नेमकी तिथंच तिला रडू फुटायचं. मी एकदा विचारलं, मामा, हे कशाला? ते म्हणाले, "म्हनल्याबिगर पाय हलत न्हाई माझा." मी ते लकब म्हणून सोडून दिलं.

डीजे आले आणि ऑर्केस्ट्रा बसला. मी शहरात, सावेडीत, फ्लॅटच्या एका खोलीत रेकॉर्डिंगचा धंदा सुरू केला. भिंतींना फोम, मध्ये काच, पलीकडं कॉम्प्युटर. भक्तिगीतं, रिक्षावर लावायच्या सेलच्या जाहिराती, निवडणुकीची गाणी, जे येईल ते. मामा रिटायर होऊन गावी, शेवगावकडं राहिले. त्यांना शुगर निघाली. "जन्मभर साखर पिकवली, आता ती माघारी आली," असं म्हणून ते हसायचे आणि पेढा खायचे. मग उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती काळी पडली आणि वर चढत गेली.

एका सकाळी फोन आला. "भाचेबुवा, सोमवारी पाय काढत्यात. शनवारी यिऊ का?" कशाला, ते मला लगेच कळलं नाही. मग कळलं. उजवा पाय म्हणजे पट्टीवरचा पाय.

शनिवारी ते पुतण्याच्या टेम्पोतून आले. मागं सतरंजीत गुंडाळलेली गिटार, शेजारी मामी. मामी बाहेरच्या खोलीत माझ्या बायकोजवळ बसल्या. आतली खोली लहान, दार घट्ट लावावं लागतं, त्यामुळं त्यांना आतलं काही ऐकू येणार नव्हतं. मामांनी बँडेज बांधलेला पाय दोन्ही हातांनी उचलून पट्टीवर ठेवला आणि टाचेनं पट्टी दाबून पाहिली. मी म्हणालो, दुखेल मामा. ते म्हणाले, "दोन दिसाचा पावना हाय. राबवून घेऊ."

पाठवणीला वाजवायचे तेच गाणं त्यांनी धरलं. मी काचेपलीकडं हेडफोन लावून बसलो. माईकमधून सगळंच येत होतं. वायरीची कर्र, टाचेची धप, त्यांचा श्वास आणि पुटपुटणं. शब्द गाण्याचेच होते, पण मधली हाक वेगळी होती. "अगं." तार चढत होती आणि ते म्हणत होते, "अगं. अगं ए." त्यांच्या वयाची आमच्याकडची माणसं बायकोला नावानं हाक मारत नाहीत. मामांनी उभ्या जन्मात मामींना 'अगं' सोडून काही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. शेवटचा सूर त्यांनी त्या पायावर इतका वेळ धरला की त्यांच्या कपाळावरून घाम ओघळला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि त्याच वेळी, स्क्रीनकडं बघत, माझ्या मनात हेही चाललं होतं की हे पुटपुटणं कापावं लागणार.

निघताना जिन्यात ते मामींना म्हणाले, "तुझ्यासाठी भरून ठिवलंय त्याच्यात. मी नसल्यावर आइक." मामी म्हणाल्या, "गप बसा, काय बी बोलू नका." मी पुढं गिटार घेऊन उतरत होतो, मी हसलो.

पुढचे चार दिवस मी ते रेकॉर्डिंग साफ केलं. आवाजातला कचरा काढायचं नवं सॉफ्टवेअर घेतलं होतं आणि त्याची मला फार ऐट होती. आधी कर्र काढली. मग धप. मग श्वास. पुटपुटणं सॉफ्टवेअरला जमेना, ते मी हातानं, एकेक अक्षर शोधून काढलं. तारेला धक्का लागू नये म्हणून तासन् तास बसलो. पैशाच्या कामाला मी कधी एवढी मेहनत घेतली नव्हती. मामांची गिटार त्या परदेशी कॅसेटसारखी स्वच्छ वाजली पाहिजे, असं माझ्या डोक्यात होतं. झाल्यावर मूळ फाईल पुसून टाकली. निवडणुकीच्या गाण्यांनी डिस्क भरली होती, आणि तयार झालेल्या कामाची मूळ फाईल पुसायची मला सवयच आहे.

ऑपरेशननंतर मी दवाखान्यात गेलो. चादर एका बाजूला सपाट होती, तिकडं न बघता मी त्यांच्या कानाला हेडफोन लावला. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग अंगठा बोटांवर घासत म्हणाले, "लई गुळगुळीत झालंय." फिटरच्या तोंडी ही केवढी मोठी शाबासकी, असं मला वाटलं.

मग त्यांनी विचारलं, "मदीमदी मी बोलत हुतो, ते काढलं व्हय?"

मी म्हणालो, "सगळा कचरा काढला मामा. नखाएवढासुद्धा ठेवला नाही."

"बरं," म्हणाले. मग मी जेवलोय का ते विचारलं, आणि खाली कोपऱ्यावर भेळ चांगली मिळते, ती खाऊन जा म्हणाले. मी खरंच भेळ खाऊन घरी गेलो.

मामा पाच महिन्यांनी गेले. दहाव्याला गर्दी होती, म्हणून मी नंतर एका दुपारी पेनड्राइव्ह आणि छोटा स्पीकर घेऊन मामींकडं गेलो. त्या ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी गाणं लावलं. त्यांनी पदर तोंडाला लावून ऐकलं. संपल्यावर म्हणाल्या, परत लाव. दुसऱ्यांदा त्या स्पीकरकडं सरकल्या आणि कान जवळ नेला.

"त्यांचा आवाज कुठाय रं ह्यात?"

मी म्हणालो, "हाच की मामी. ही गिटार त्यांचीच."

"गिटार न्हाई. ते वाजवताना बोलायचे की. हितं बसून वाजवायचे तवा मी आतनं आयकायची. तुझ्यासाठी ठिवलंय म्हनले हुते. गाणं तर मला तोंडपाठ हाय, गाणं कशापायी ठिवतील माझ्यासाठी?"

एवढं सरळ विचारल्यावर मला तेव्हाच सांगता आलं असतं. मामी, ते होतं, त्यांनी तुम्हालाच हाक मारली होती, चारदा मारली होती, आणि मी ती कापून टाकली. पण मी म्हणालो, "माईकमध्ये आलंच नाही ते. माईक तारांपाशी होता."

मामींनी मान हलवली. त्यांना ते लगेच पटलं, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

"कसा यील," त्या म्हणाल्या. "आवाज पार बारीक झाला हुता. त्या दिशी सकाळी भाकर वाढली तर नगं म्हनले, पाय दुखतोय म्हनले. मी बी टेम्पोची घाई म्हनून आग्रह केला न्हाई. चार घास पोटात असते तर आला असता आवाज."

त्या चहा टाकायला आत गेल्या. मी चहा होईपर्यंत बसून राहिलो, चहा प्यायलो आणि निघालो.

याला आता दीड वर्ष होऊन गेलं. मामांचा पुतण्या मधूनमधून सावेडीत येतो. तो सांगतो, काकू अजून आल्यागेल्याला एकच गोष्ट बोलून दाखवते, 'त्या शनिवारी मी त्यांना उपाशी नेलं.' मी मान हलवतो आणि त्याला बसायला खुर्ची देतो.