ज्याचा मध त्याला परत

"काका, धूर नाही करायचा. माश्यांवर जबरदस्ती नको," अनिकेत खालून ओरडला. मी शिडीवर, तोंडावर जाळी, हातात धुराचा डबा. समोर छज्ज्याला सुपाएवढं आग्या मोहोळ.

"मंग काय करू बाप्पा? नोटीस देऊ त्यायले?"

माझं पेस्ट कंट्रोलचं काम. वाळवी, झुरळं, उंदीर सगळं पाहिलं, असा मालक पाहिला नव्हता. अनिकेत पुण्याची नोकरी सोडून यवतमाळला परत आलता. लोहाऱ्याकडच्या रोडवर त्यानं व्हीगन हॉटेल टाकलं. व्हीगन म्हणजे जनावराचं काहीच खायचं नाही. दूध नाही, तूप नाही, मधही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ओपनिंग. 'पोराचं डोकं फिरलं' म्हणणारे झाडून सारे नातेवाईक जेवायला येणार होते.

शेवटी त्याच्या आईनं तोडगा काढला. "थोडासाक धूर करू दे रे. आपण देवापुढं उदबत्ती नाही लावत काय?"

उदबत्तीवर तो मानला. धूर लागला की माश्या पोटात मध भरून घेतात अन् उठतात. उठल्या, मागच्या कडुलिंबावर जाऊन बसल्या. मी पोळं कापलं. गंज, म्हणजे मोठं पातेलं, भरून मध निघाला.

आई वाटी घेऊन आली. वाटी भरलीही.

"आई, चोरीचा माल आहे तो!"

"चोरी काहून? त्यायनंच तर सोडला."

"हाकललं म्हणून सोडला. काका, ज्याचा त्याला परत द्या."

मी म्हटलं, मध उघडा ठेवू नको. एक माशी चाखून गेली की सारं खानदान घेऊन येते. ऐकते कोण? त्यानं मध परातीत ओतला, परात किचनमागच्या ओट्यावर ठेवली, अन् कडुलिंबाकडं पाहून हात जोडून "सॉरी" म्हणाला. मले हसू आवरेना.

सकाळी अकराला फोन. "काका, लवकर या. त्या आत आल्या!"

परात चाटूनपुसून साफ. तिथून खिडकीतून थेट काकवीच्या गंजावर. काकवी म्हणजे उसाचा पातळ गूळ. मधाऐवजी पॅनकेकवर घालायला आणलेली. गंज माश्यांनी काळा झालेला. आचारी बाथरूममध्ये कडी लावून बसलेला. बाहेर पाहुण्यांच्या गाड्या लागून राह्यल्या होत्या.

"त्यांना सांगा ना, हे आमचं आहे!" अनिकेत रडकुंडीला आलता.

"मी काय सांगू? धूर करू काय?"

त्यानं गाड्यांकडं पाहिलं, माश्यांकडं पाहिलं. "नको," म्हणाला. अन् उघड्या हातांनी गंज उचलून कडुलिंबाखाली नेऊन ठेवला. माश्या मागंमागं, वरातीसारख्या. येडं पोरगं! पण खरं सांगतो, त्या घडीला मले त्याचं लई कौतुक वाटलं.

ओपनिंग झालं. पॅनकेक कोरडेच वाढले. माश्या चावून सुजलेल्या ओठांनी तो सगळ्यांना "या, बसा" म्हणत होता. तेवढ्यात आई कालची भरलेली मधाची वाटी घेऊन आली. "खायाचा नाही रे. सुजेवर लावाचा हाये."

तो माझ्याकडं वळला. "काका, लावलेला चालतो का?"

सारी पंगत माझ्याकडं पाहून राह्यली. मी झुरळं मारणारा माणूस!

"माशीले विचार," म्हटलं.

आता काम घेण्याआधी मी विचारतो, निघालेला मध कोणाचा? 'माश्यांचा' असं उत्तर आलं, की आधी किचनच्या खिडक्यांना जाळी लावायला सांगतो.