बोकडाचा होकार

शनिवार, १५ मार्च २०२५.
पाण्याचा दिवस. नळ सव्वासहाला आला, पावणेआठला गेला. ज्ञानेशने चाकणच्या बाजारातून बोकड आणला. काळा आहे, कपाळावर पांढरा ठिपका. विमलबाईंच्या दारात बांधला. उद्या म्हसोबाला जायचे. केटरर बबनराव येऊन गेला, एकशे वीस माणसे धरली. मिनल सकाळपासून बोलली नाही. माझा गुडघा दुखतो. ऊन वाढले.

इंदुताई रोज एवढंच लिहीत. खडकीला नन्सच्या शाळेत आठवीत असताना सिस्टर बर्नाडेटनी त्यांना पहिली वही दिली होती आणि सांगितलं होतं, "घडलं ते लिही. वाटलं ते देवाला ठाऊक असतं, त्याला कागद लागत नाही." तेव्हापासूनच्या सगळ्या वह्या चिंचवडच्या फ्लॅटमधल्या दिवाणात होत्या. लग्न, ज्ञानेशचा जन्म, बालवर्गाच्या शाळेतली नोकरी, सुनेचं आजारपण आणि जाणं, सगळं तारीखवार. मागच्या नोव्हेंबरात त्यांचे यजमान हिंदुराव गेले. त्या दिवसाच्या पानावरही वेळ, डॉक्टरचं नाव आणि कोण कोण आलं एवढंच होतं.

तेव्हापासून त्यांना आतून काही कळेनासं झालं होतं. दाढ काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल आपला राहत नाही, तसं. हात फिरवला तर गाल आहे, पण आहे एवढंच.

नवस हिंदुरावांनी बोललेला होता. दोन वर्षांपूर्वी तळेगाव-चाकण रस्त्यावर नात मिनल स्कूटरवरून जाताना कंटेनर घासून गेला. मांडीचं हाड तीन ठिकाणी मोडलं, रॉड घातला. हिंदुराव दवाखान्याच्या जिन्यात चाकणच्या दिशेला तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "पोरगी पायावर चालली तर म्हसोबाला बोकड देईन." सहा महिन्यांनी मिनल चालली. थोडी लंगडत, पण चालली. बोकड मात्र राहिला. आधी हिंदुरावांचा दमा वाढला, मग तेच राहिले नाहीत.

आता रॉड काढायची वेळ आली होती. एक स्क्रू हलला होता. लांबवू नका, असं डॉक्टरांनी बजावून चार एप्रिलची तारीख दिली होती. पण ज्ञानेशने हट्ट धरला. बाप गेल्यापासून तो कशालाही भ्यायचा. लिफ्ट थांबली तरी चेहरा उतरायचा.

"अण्णांचा शब्द अडकलाय, आई. नवस फिटल्याशिवाय मी पोरीला टेबलावर घेऊ देणार नाही. आज झालं नाही, तर चार तारीख रद्द."

हे तो रविवारी सकाळी गाडीतच बोलला. मिनल मागच्या सीटवर पाय लांब करून बसली होती. तिने खिडकीकडे तोंड केलं.

म्हसोबा चाकणच्या पुढे होता. घराण्याचं सहा एकर वावर एका गोदामात गेलं, पण भिंत बांधताना गोदामवाल्यांनी देवाला वळसा घातला आणि वर पत्राही टाकून दिला. शेंदराच्या त्या दगडासमोर आता ट्रक मागे घ्यायचे. शेजारी मांडव होता. दोन मोठ्या पातेल्यांत रस्सा उकळत होता, कारण एका बोकडात एकशे वीस माणसं जेवत नाहीत. बबनरावने पहाटेच चिंचवडहून मटण आणून चढवलं होतं. जेवायला ज्ञानेशच्या कारखान्यातली मंडळी होती. त्यांची सुट्टी गुरुवारची. रविवारी जेवून सेकंड शिफ्ट गाठायची होती, म्हणून सगळे घड्याळ बघत होते.

मिनल आणि इंदुताई पातेल्यांजवळ प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसल्या. काल सकाळपासून गप्प असलेली मिनल आता बोलली.

"आजी, ह्या पातेल्यांत किती बोकड असतील?"

"बबनराव पंचेचाळीस किलो म्हणत होता. चार तरी."

"त्यांच्यावर पाणी घालून कुणी होकार विचारला?"

इंदुताईंनी विचार केला. "नाही."

"मग ह्या एकालाच का विचारायचं?"

"हा देवाचा आहे."

"आणि ते?"

"ते जेवणाचे."

मिनल हसली नाही. इंदुताईंनाही त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. त्यांचे वडील माळकरी होते. लग्न होईपर्यंत घरात अंडंसुद्धा आलं नव्हतं. सासूने त्यांना मटण धुवायला, वाटण भाजायला शिकवलं आणि त्या शिकल्या. नंतर वह्यांत दर आठवड्याला एक ओळ असे: पाऊण किलो, मांडीचे, कोवळे निघाले. पन्नासहून अधिक वर्षांच्या ओळी. त्यांतला एकही बोकड त्यांनी उभा पाहिलेला नव्हता.

"तू खरं सांगशील ना?" मिनल म्हणाली. "बोकडाने अंग नाही झाडलं, तर नाहीच म्हणशील?"

"जे दिसेल ते सांगेन."

"नक्की?"

"मी कधी दुसरं काही केलंय?"

ह्या घराण्याची रीत अशी होती. बोकडाच्या पाठीवर पाणी घालायचं आणि थांबायचं. त्याने अंग झाडलं, की तो तयार आहे आणि देवाने तो घेतला, असं समजायचं. झाडलं नाही, तर सुरी लावायची नाही.

कोंडीराम भगताने बोकड देवासमोर आणला. बोकडाने गळ्यातल्या हारातलं एक झेंडूचं फूल तोडलं आणि शांतपणे चघळायला लागला. कोंडीरामने पाण्याचा तांब्या इंदुताईंपुढे धरला.

"पानी वहिनी घालणार?" विमलबाई पुढे आल्या. त्या हिंदुरावांच्या धाकट्या बहीण, चाकणलाच दिलेल्या. "न्हाई म्हंजी, दादा न्हाईत आता. सवाशिणीनं घालावं म्हनत्यात."

"नवस बोलला त्येची कारभारीण घालंल," कोंडीराम म्हणाला. "त्यात कुकवाचा काय संबंद न्हाई. आन् ऐका समद्यांनी. माना खाली. कुनी बगायचं न्हाई. बाईनं एकटीनं बगायचं आन् सांगायचं. तीन तांबे. तिसऱ्यालाबी झाडलं न्हाई, तर द्येवाला नको हाय. सोडून द्यायचा. नवस तसाच ऱ्हातो."

माना खाली गेल्या. ज्ञानेशने हात जोडून डोळे मिटले. इंदुताईंनी पहिला तांब्या मानेपासून शेपटीपर्यंत ओतला. काळे केस अंगाला चिकटले आणि त्याच्या फासळ्या दिसायला लागल्या. बोकड फूल चघळत राहिला. पाणी पोटाखालून ठिबकत होतं. दोन मिनिटं गेली, तीन गेली.

"झाडलं का?" ज्ञानेशने डोळे न उघडता विचारलं.

"नाही."

दुसरा तांब्या. बोकडाने मान वळवून इंदुताईंकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांतली बाहुली आडवी होती, टपालपेटीच्या फटीसारखी. मागून कुणीतरी कुजबुजलं, "भावा, नाईट करून आलाय वाटतं. झोपलाय उभ्या उभ्या." दोघंतिघं हसले. विमलबाई मान खाली ठेवूनच बोलल्या, "वहिनी, तुमी त्याला इंग्रजीत सांगा. तुमचं मडमांनी शिकवलेलं ऐकंल तरी." त्यावर मांडवातले सगळे हसले, कोंडीरामसुद्धा.

"कानात घाला की थोडं," एक पुरुष म्हणाला. "लगीच झाडतंय."

"कानात न्हाई!" कोंडीराम ओरडला. "त्ये म्हंजी द्येवाला फसवनं."

"झाडलं, आई?"

"नाही."

ज्ञानेशचा आवाज आता वेगळा होता. शाळेच्या फाटकाशी उभं राहून लहानपणी तो असाच बोलायचा. "आई, नीट बघ."

तिसरा तांब्या त्यांनी सावकाश ओतला. त्यांच्या हाताला पाण्याचा थंडपणा जाणवला आणि तेवढंच जाणवलं. गोदामात एक ट्रक मागे येऊ लागला, त्याचा टीं टीं आवाज सुरू झाला. बोकडाचे कान मागे गेले. खांद्यावरची कातडी माशी बसल्यावर हलते तशी जराशी हलली आणि थांबली. एवढंच. अंग झाडणं काय असतं ते इंदुताईंना माहीत होतं. हिंदुरावांच्या आधीच्या नवसांना इथे पाणी घालताना त्यांनी ते चार वेळा पाहिलं होतं. डोक्यापासून शेपटीपर्यंत बोकड असा हिसडतो, की पाणी घालणाऱ्या बाईच्या तोंडावर उडतं. त्यांचं लुगडं कोरडं होतं.

त्यांनी वर पाहिलं. सगळ्यांच्या माना खाली होत्या. एकट्या मिनलने मान खाली घातली नव्हती. ती खांबाला टेकून, सगळा भार उजव्या पायावर देऊन उभी होती आणि बोकडाकडे बघत होती. तिचा डावा पाय गुडघ्यातून किंचित वाकलेला होता. आठवडाभरात तो जास्तच वाकला होता.

"आई?" ज्ञानेश म्हणाला. "झाडलं ना?"

इंदुताईंनी हो किंवा नाही असं काही ठरवलं नाही. नंतर आठवून पाहिलं, तरी ठरवल्याचं आठवेना. डोळ्यांपुढे चार तारीख होती, स्क्रू होता आणि तो वाकलेला पाय होता.

"हो," त्या म्हणाल्या. "झाडलं."

"म्हसोबाच्या नावानं चांगभलं!" कोंडीराम गरजला. हलगी वाजायला लागली. ज्ञानेशने आईच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तो लहान मुलासारखा रडला. दोन माणसं बोकडाला मांडवामागे घेऊन गेली. बोकड मुकाट्याने गेला. हलगीमुळे पुढचं काही ऐकू आलं नाही.

मिनल लंगडत आली आणि खुर्चीवर बसली.

"आजी, मी बघत होते."

"माहितीय."

"त्याने झाडलं नव्हतं."

"नाही."

"मग?"

"चार तारखेला तुझं ऑपरेशन आहे."

"मी सांगितलं होतं असं कर म्हणून?"

"नाही सांगितलंस."

"माझ्या पायासाठी त्याला मारलं. आणि तो नको म्हणत होता, हे फक्त आपल्या दोघींना माहितीय." मिनलचा आवाज चढला नाही. "बाबांना तरी तो तयार होता, असं खरंच वाटतंय. तुला तेवढंही नाही."

इंदुताईंना वाटलं, आता काहीतरी होईल. त्यांनी हातांकडे पाहिलं. हात मांडीवर नीट होते.

तासाभराने पंगत बसली. रीतीप्रमाणे नवसाच्या बोकडाचं काळीज घरच्या बाईच्या पानात पहिलं येतं. विमलबाईंनी स्वतः आणून वाढलं. "घ्या वहिनी. दादा वरनं बगत्यात. आज सुटले ते." इंदुताईंनी काळीज खाल्लं. ते मऊ होतं. तिखट लागलं, एवढं जिभेला कळलं. सगळं संपवून त्यांनी बोटं पुसली. समोर मिनल भाकरी आणि कांदा खात होती. पलीकडच्या पातेल्यातून लोक रस्सा मागून घेत होते. "बबनराव, तुमच्या हाताला सोन्याचं कडं घातलं पाहिजे राव!" असं कुणीतरी म्हणत होतं. दोन वाजता कारखान्याची मंडळी हात धुवून मोटारसायकलींवर बसली.

संध्याकाळी चिंचवडला इंदुताईंनी वही काढली. तारीख टाकली आणि लिहिलं: म्हसोबाला गेलो. कोंडीराम भगत. तीन तांबे पाणी घातले. बोकडाने अंग झाडले नाही. झाडले, असे मी सांगितले.

लिहून त्या थांबल्या. इतक्या वर्षांत खोटं बोलल्याची ओळ त्यांनी लिहिली नव्हती, कारण तशी वेळच आली नव्हती. ओळ इतर ओळींसारखीच दिसत होती. शाई वाळली. हलकं वाटलं नाही आणि जडही वाटलं नाही. बाहेरच्या खोलीत ज्ञानेश दवाखान्याशी फोनवर बोलत होता. "हो, चार तारीख नक्की. हो, आदल्या रात्रीच आणतो," असं तो म्हणत होता. कितीतरी महिन्यांनी त्याचा आवाज मोकळा होता.

मिनल दारात आली. "लिहिलंस?"

"लिहिलं."

"काय?"

इंदुताईंनी वही तिच्यापुढे केली. मिनलने ती ओळ वाचली. परत एकदा वाचली. वही बंद न करता तिने टेबलावर ठेवली.

"पुढे काही नाही लिहिलंस."

"पुढे काही झालं नाही."

"तुला काहीच नाही वाटलं, आजी?"

इंदुताईंनी प्रामाणिकपणे शोधून पाहिलं. "अजून नाही," त्या म्हणाल्या.

मिनल दाराशी गेली. मग म्हणाली, "ऑपरेशन करून घेते मी. ते आता न करून तो काही परत येत नाही. पण उद्यापासून डब्यात मला मटण, अंडं काही देऊ नकोस. मला ह्यातलं काहीच नको."

"बरं."

"बाबांना सांगू नको कशामुळे ते."

"नाही सांगत."

ती गेली. एक पाय जोरात आणि एक हलका असा आवाज खोलीपर्यंत ऐकू आला. इंदुताई उठल्या, स्वयंपाकघरात जाऊन आल्या, ओले हात पदराला पुसले आणि पेन उघडलं. राहिलेल्या जागेत त्यांनी लिहिलं:

मटण उरले, ज्ञानेशपुरते ठेवले. मिनलच्या डब्यासाठी मटकी भिजत घातली, एक वाटी.