नीवेसचे कोरे गुडघे

सोमवारी आमच्याकडे इटलीत केस कापायची दुकानं बंद असतात. नीवेस बाल्दीनीच्या मते जगात तिच्या सोयीची म्हणून घडलेली तेवढी एकच गोष्ट. बाकीचा आठवडा ती गांबेत्तोलाच्या बाजारपेठेतल्या आपल्या दुकानात बायकांच्या डोक्यांवर वाकलेली असायची. एप्रिलमधल्या एका सोमवारी मिसानोच्या मोटरसायकल शर्यतींच्या ट्रॅकवर नवशिक्यांचा दिवस ठेवलाय आणि त्यात आपलं नाव लागलंय, हा निरोप फोनवर आला तेव्हा ती एका गिऱ्हाइकाच्या केसांना रंग लावत होती. त्या आनंदात ब्रश केसांवरून थेट कपाळावर आला.

"अगं बाई, कपाळ काय रंगवतेस माझं?"

"चुकलं हो! पण मी ट्रॅकवर चाललेय!"

"नेहमीच तर जातेस की नवऱ्याबरोबर."

"नवरा नाही. मी. मी चालवणार, तो बघणार."

ड्रायरखालच्या दोघींनी एकदम डोकी बाहेर काढली. एक म्हणाली, या वयात? दुसरी म्हणाली, अगं, हाडं मोडली की सांधत नाहीत आता. नीवेस चोपन्न वर्षांची होती, आणि तिनं हसत दोघींची डोकी परत ड्रायरखाली ढकलली.

तिचा नवरा लेआर्को प्लंबर. नळ दुरुस्त करून जे हाती येई त्यातलं बरंचसं टायरांत जाई. लग्न झाल्यापासून त्याचे ट्रॅकवरचे दिवस म्हणजे नीवेसचेही ट्रॅकवरचे दिवस. पहाटे उठून पियादीना, म्हणजे आमच्याकडच्या पातळ रोट्या, भाजायच्या, चीज आणि हॅम घालून फडक्यात गुंडाळायच्या, घडीची खुर्ची, टॉवेल, टाल्कम पावडर, सगळं व्हॅनमध्ये कोंबायचं, आणि तो आत गेला की भिंतीपाशी बसून राहायचं. त्याच्या चामड्याच्या सूटची प्रत्येक शिवण तिला ठाऊक, कारण तो घामेजलेला सूट पालथा करून वाळत घालायचं कामही तिचंच. पन्नाशीला तिनं स्वतःचा परवाना काढला आणि एक करड्या रंगाची मध्यम मोटरसायकल घेतली. दर सुट्टीला ती मागच्या टेकड्यांवर जायची आणि लाल गाल घेऊन परत यायची. लेआर्कोला तिचं कौतुक होतं, हे खोटं कशाला सांगा. पण कौतुक करणं वेगळं आणि जागा देणं वेगळं, आणि दुसरं पुरुषांना उशिरा सुचतं.

"सूटची काळजीच करू नकोस," तो त्या संध्याकाळी म्हणाला आणि माळ्यावरून आपला जुना सूट काढून घेऊन आला. सडसडीत होता तेव्हाचा. "एका दिवसासाठी हा झकास चालेल."

नीवेसनं तो स्वयंपाकघरातच चढवला. खांदे दोन्हीकडून ओघळले. कंबरेच्या खाली मात्र चेन वर सरकेना, तेव्हा लेआर्कोनं गुडघा टेकून ती ओढली. कोपराचं कवच कोपरावर नव्हतंच, ते पार मनगटाकडे उतरलं होतं.

"बघ, बसला की!"

"बसला? हात वाकवला की कवच खाली येतंय. मी पडले तर कोपर रस्त्यावर आणि कवच घड्याळाच्या जागी."

"तू कशाला पडतेस? सावकाश फिरायचं, मजा करायची, फोटो काढायचे. एकाच दिवसाचा तर प्रश्न आहे."

दुसऱ्यांदा 'एक दिवस' आलं, आणि नीवेसच्या डोक्यात तिडीक गेली. हा सगळा प्रकार त्याच्या लेखी बायकोला दिलेली सहल होता. तिच्या लेखी ती सुरुवात होती. सुरुवात करायची तर ती दुसऱ्याच्या उतरलेल्या कपड्यांत करायची नाही, एवढं तिचं त्या क्षणी ठरलं.

"लेआर्को, चेन काढ. शनिवारी संध्याकाळी ऑर्फेओकडे जाऊ. मला माझ्या मापाचं हवंय, सगळंच्या सगळं."

ऑर्फेओचं दुकान चेसेनाच्या रस्त्यावर. म्हातारा तरुणपणी मोटरसायकलच्या शर्यतीत उतरायचा, त्यातच एक पाय वाकेनासा झाला, आणि तो पाय पुढे ताणून तो स्टुलावर बसलेला असे. दुकानाच्या मधोमध इंजिन काढलेली एक मोटरसायकल उभी होती. सूट घालून तिच्यावर बसल्याशिवाय ऑर्फेओ कुणाला विकत नसे.

"हिच्यासाठी काहीतरी साधं," लेआर्को दारातूनच म्हणाला. "फार कडक नको, तिला सवय नाही. आणि हातमोजे माझेच आहेत, ते चालतील."

"लेआर्को," ऑर्फेओ म्हणाला, "पलीकडे कॉफी चांगली मिळते. जा, पी. झाली की आणखी एक पी."

लेआर्को गेला. ऑर्फेओनं बायकांच्या सूटचा खण उघडला. त्यात गुलाबी होते, गुलाबीवर फुलपाखरं होती, फुलपाखरांवर चमकी होती.

"मी शर्यतीला चाललेय का पहिल्या वाढदिवसाला?" नीवेसनं विचारलं.

"मी बनवत नाही गं पोरी, विकतो फक्त." म्हाताऱ्यानं मागून एक गडद निळा सूट ओढला, बाहीवर पांढरा पट्टा. "हा घाल."

पडद्यामागून ती बाहेर आली ती कुबड काढूनच. "ऑर्फेओ, हा आखूड आहे. मला सरळ उभंच राहता येत नाही!"

"उभं राहून चालवणार आहेस का? बस त्या गाडीवर."

ती बसली. पुढे वाकली, हात हँडलवर ठेवले, पाय मागे घेतले, आणि चमत्कार झाला. जे काचत होतं ते सैल झालं, खांद्याचं कवच खांद्यावर आलं, कोपराचं कोपरावर, गुडघ्याचं गुडघ्यावर. ऑर्फेओनं काठीनं एकेक जागा ठोकून पाहिली, कवच धरून फिरवायचा प्रयत्न केला, ते हललं नाही. पाठीचं कवच आत सरकवल्यावर मागून कुणी हात ठेवून धरल्यासारखं तिला वाटलं. ती त्या इंजिन नसलेल्या गाडीवरून उतरायलाच तयार होईना.

हेल्मेटच्या वेळी मात्र तिनं चूक केली. अलगद डोक्यात जाईल असं एक निवडलं, कारण सकाळीच केस सेट केलेले. ऑर्फेओनं हेल्मेटची हनुवटी धरून झटका दिला. हेल्मेट फिरलं, नीवेस समोरच बघत राहिली.

"हे टोपलं आहे. लहान घे."

लहानात शिरताना कान दुमडले आणि गाल वर येऊन डोळ्यांना भिडले. "बोलता येत नाही," ती आतून म्हणाली.

"तुझ्या गिऱ्हाइकांना बरं वाटेल. थोड्या दिवसांत सैल पडेल, पण कपाळावर कुठं टोचतंय का? नाही ना? मग हेच तुझं." त्यानं मागून वर उचलून बघितलं, ते निघालं नाही. मग मनगटाच्या वरपर्यंत येणारे हातमोजे आले, घोट्याला आडवे न वाकणारे बूट आले. शेवटी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला चिकटणाऱ्या दोन जाड प्लॅस्टिकच्या चकत्या. वळणावर गाडी खूप झुकली की गुडघा रस्त्याला टेकतो, तेव्हा घासायला. पिवळ्याधमक, एकही ओरखडा नसलेल्या. आरशात त्या पाहून नीवेसला खुद्कन हसू आलं. शाळेच्या पहिल्या दिवसाचे बूट असावेत तशा दिसत होत्या.

पुढचे कितीतरी दिवस चामडं मऊ करायचं म्हणून ती संध्याकाळी सूट घालून घरात वावरत होती. सूट घालून तिनं पीठ लाटलं, सूट घालून टीव्ही पाहिला. पोस्टमननं तिला त्या अवतारात दार उघडताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला ते ठाऊक होतं.

सोमवार उजाडला तो लख्ख. ट्रॅकच्या मागच्या पटांगणात व्हॅन लागल्या होत्या, टायर गरम होत होते, कॉफीचा आणि पेट्रोलचा वास एकमेकांत मिसळला होता. हा वास नीवेस तीसेक वर्षं घेत होती, पण आज तो तिच्यासाठी होता. तिला एका जागी उभं राहवेना.

शिकवायला मिर्को नावाचा तरणाबांड प्रशिक्षक होता. आत सोडण्याआधी तो एकेकाचं सामान तपासत होता. नीवेसचा हेल्मेटचा पट्टा ओढून पाहिला, पाठीवर टकटक केलं, मान डोलावली. मग त्याची नजर खाली गेली.

"नीवेसबाई, तुम्ही चुकून इथं आलात. हा नवशिक्यांचा गट आहे. असे गुडघे घासणाऱ्यांनी मधल्या गटात जायचं, ते फार वेगात असतात. या, तुमचं नाव बदलून देतो."

"कोण घासतंय? मी तर पहिल्यांदा..." नीवेसनं खाली पाहिलं. पिवळ्या चकत्यांचा बाहेरचा भाग पांढुरका झाला होता, चांगला बोटभर खरवडलेला. तिनं लेआर्कोकडे पाहिलं. लेआर्को टायरकडे पाहत होता.

"लेआर्को."

"काल रात्री जरा... कानस फिरवली," तो पुटपुटला. "इथं सगळे ओळखतात मला. कोऱ्या चकत्या दिसल्या की हसतात गं लोक. तुला हसले असते."

"मला की तुला?"

नीवेसचे कान आधीच दुमडलेले, आता तापलेही. ती खरोखर दुखावली होती. आयुष्यात एक गोष्ट पहिल्यांदा करायला निघालेल्या माणसाचं पहिलेपणच या गृहस्थानं रात्री गॅरेजात बसून पुसून टाकलं होतं, आणि वर ते प्रेमानं केलं होतं, म्हणजे धड भांडताही येईना. एवढ्यासाठी मधल्या गटात ढकलली गेली असती तर भीतीनं पहिल्याच वळणावर परत आली असती, आणि मग खरंच तो एकच दिवस ठरला असता. तिनं वाकून दोन्ही चकत्या खर्रकन ओढून काढल्या आणि त्याच्या हातात कोंबल्या.

"घे, तुझ्या आहेत. मिर्को, मी नवशिकी आहे. माझा गुडघा आजवर फक्त फरशी पुसताना टेकलाय. चकत्यांशिवाय सोडशील का आत?"

"अहो, या गटात कुणाचाच टेकत नाही," मिर्को हसू दाबत म्हणाला. "आणि काका, कानशीच्या रेघा सरळ येतात. पुढच्या वेळी डांबरावर घासा."

मग ती आत गेली.

पहिल्या फेरीत तिला मिर्कोच्या पाठीशिवाय काहीच दिसलं नाही. दुसऱ्या फेरीत रस्त्याची रुंदी दिसली. केवढा रुंद! समोरून ट्रॅक्टर नाही, कडेला कुत्रं नाही, वाळू सांडलेली नाही. सरळ पट्ट्यावर तिनं पहिल्यांदा मूठ पूर्ण पिळली आणि वारा छातीवर असा आला की हनुवटी आपोआप टाकीला टेकली. आता कळलं सूट वाकलेला का शिवतात. वळण आलं, तिनं ब्रेक दाबला, नजर पार वळणाच्या शेवटाला नेली, आणि गाडी झुकली, टेकड्यांवर कधीच झुकली नव्हती इतकी. आणखी जागा होती. तिनं आणखी झुकवली. हेल्मेटच्या आत ती मोठमोठ्यानं हसत होती. अंगावर एवढा मोठा जामानिमा होता, पण त्यातलं काही टोचत नव्हतं, सरकत नव्हतं, आठवतसुद्धा नव्हतं.

परत आली तेव्हा हेल्मेट काढताना कानांची सालं निघाल्यासारखं झालं. केस चप्प बसलेले, नाक लाल. लेआर्कोनं पाण्याची बाटली पुढे केली आणि चाचरत विचारलं, "कसं वाटलं?" तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि फक्त हातवारे केले. राग कुठं गेला ते तिलाही कळलं नाही, पण बाटली मात्र तिनं जरा हिसकावूनच घेतली.

जेवणानंतरच्या खेपेत लाल झेंडा झाला. कुणीतरी पडलं होतं. सगळ्यांनी वेग कमी केला आणि नीवेस रांगेत मागून हळूहळू आत यायला लागली. वाटेत तिनं त्या माणसाला पाहिलं. पेसारोचा एक कॉलेजातला मुलगा, वाळूत उभा राहून आपल्या गाडीकडे बघून डोकं हलवत होता. निळ्या सूटचा खांदा खरवडलेला, आतला खांदा शाबूत. तिनं हात केला, त्यानंही केला.

आपल्या जागी येऊन तिनं गाडी उभी केली तेवढ्यात लेआर्को धावत आला. त्याला धावताना तिनं कैक वर्षांत पाहिलं नव्हतं. आल्या आल्या त्यानं तिचे खांदे धरले, कोपरं चाचपली, खाली बसून गुडघे दाबले.

"अरे काय करतोयस? लोक बघताहेत!"

"कुणीतरी म्हणालं, निळा सूट पडलाय. निळा. मला इथून काही दिसत नव्हतं. सगळे आत आले, तू शेवटी आलीस. इतकी शेवटी का आलीस?"

"मी रांगेत मागे होते." तिनं हेल्मेट काढलं. त्याचा चेहरा पांढराफटक होता. "बस जरा. मला काही झालेलं नाही. बघ, सगळं जागच्या जागी आहे."

तो टायरांच्या ढिगावर बसला. त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली घातले.

"तू हे कसं करायचीस गं?" त्यानं विचारलं. "मी आत असायचो तेव्हा? मला आपलं वाटायचं, तू मजेत ऊन खात बसतेस."

"लाल झेंडा दिसला की मी तुझा सूट दिसेपर्यंत श्वास सोडत नसे."

"कधी बोलली नाहीस."

"बोलले असते तर तू मोकळेपणानं चालवलं नसतंस." नीवेसनं केस मागे सारले आणि पुन्हा हेल्मेटमध्ये डोकं घालायला लागली. एक खेप अजून बाकी होती आणि मिर्को हात वर करून सगळ्यांना बोलावत होता. "कठीण आहे, लेआर्को. खूप कठीण आहे. पण जमतं. आता तू शीक."

तिनं पट्टा ओढला, काच खाली केली, आणि गाडी रांगेत नेली. लेआर्को उठून जाळीपाशी जाऊन उभा राहिला.