अर्थिंगच्या खड्ड्याला घातलेलं पाणी

अकोल्यात जुन्या जिनिंगच्या आवारात आमचं वेल्डिंगचं दुकान होतं. फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, असली कामं. मोठं मशीन आलं तेव्हा मी यांना म्हटलं, घाई करू नका. मीटरपासून वेगळी जाड वायर, मशीनजवळ हाताला येईल असा मेन स्विच, अन् अर्थिंगचा पक्का खड्डा, हे झाल्याशिवाय चालू करायचं नाही. शिकलेली मी नाही, पण विचारत विचारत एवढं कळलं होतं.

काम धाकट्या दिरानं अंगावर घेतलं. अमरावतीहून वायरिंग शिकून आला होता. मी लग्न होऊन आले तेव्हा एवढासा होता, माझ्या ताटात जेवायचा. दुसऱ्या कोणाला बोलवायचं माझ्या मनातही आलं नाही. खड्ड्यात पुरायची तांब्याची पट्टी, मीठ, लोणारी कोळसा, सगळं त्याच्या हाती दिलं. संध्याकाळी पाहते तर विटांची सुबक चौकट, तिच्यातून वर आलेली हिरवी वायर.

"वहिनी, आता डोळे मिटून काम करा," म्हणाला.

आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. माती सुकली की अर्थिंग सुटतं, म्हणून मी रोज सकाळी त्या चौकटीत बादलीभर पाणी ओतायचे. तो दारात चहा पीत पाहायचा. "वहिनी, तुळशीले घातलं का पाणी, का समदं खड्ड्यालेच?" मीही हसायचे.

ऐन वैशाखात यांचा हात मशीनच्या पत्र्याला लागला अन् चिकटलाच. तोंडातून आवाज निघेना. मी मेन स्विच ओढला तसे हे खाली कोसळले. वाचले, पण बोटं कितीतरी दिवस बधिर होती.

शेजारच्या वायरमननं मशीन उघडलं. आत वायरचं आवरण घासून ती पत्र्याला टेकली होती. "अर्थिंग असतं तर लगेच फ्यूज उडाला असता, काकू. काहून नाही उडला?"

खड्डा उकरला. वीतभर खाली हिरवी वायर एका विटेच्या तुकड्याला गुंडाळलेली. पट्टी नाही, कोळसा नाही. मीठ कुठं गेलं, मी विचारलं नाही.

"जमीन दगडासारखी होती, वहिनी," दीर म्हणाला. "अन् मशीन तं चालूनच राहिलं होतं ना!"

"मी पाणी घालून राहिली होती, तवा तू हासत होता."

अन् हे, ज्यांची बोटं अजून बधिर होती, ते म्हणतात, "जाऊ दे वं, घरचंच पोरगं हाय." कोणावर जास्त रागावू तेच कळेना.

नवा खड्डा माणसाच्या उंचीएवढा खणवला. दिरानंच खणला; मी काठावर बसून होते. पट्टी, मीठ, कोळसा माझ्यासमोर पडलं. वायरमननं मशीनची वायर दुरुस्त केली, मग वीज अन् अर्थिंगच्या मध्ये दिवा लावून पाहिला. लख्ख पेटला, म्हणजे अर्थिंग लागलं होतं.

घामानं निथळत दीर माझ्याजवळ आला. "वहिनी, करू का चालू?"

मी त्याच्याकडे पाहिलं नाही. वायरमनला विचारलं, "दादा, तुमी सांगा, करू का चालू?"