जावई जेवत नाही

मुलीने ब्रिस्टलहून फोनवर सांगितलं की तो नायजर देशातला आहे, तुआरेग, सहारा वाळवंटात उंट घेऊन फिरणाऱ्या लोकांतला. तिच्याच युनिव्हर्सिटीत जमिनीखालच्या पाण्यावर रिसर्च करतो. दोघांना लग्न करायचंय. त्याला त्याच्या देशात विहिरींच्या कामावर नोकरी मिळतेय, त्यामुळे बहुतेक तिकडेच जातील. आणि येत्या रविवारी तो आपल्याकडे जेवायला येतोय. हे सगळं एका दमात. मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार? इथे जन्मलेल्या मुली विचारत नाहीत, कळवतात. एकुलती एक पोर वाळवंटात निघाली होती, आणि मी भाजीला काय करू याचा विचार करत होते.

शनिवारपासून राबले. हलाल मटणासाठी नवऱ्याला नॉटिंगहॅमच्या दुसऱ्या टोकाला पिटाळलं. अळूवड्या केल्या, मसालेभात केला, श्रीखंडाचा चक्का रात्रभर टांगला. तो आला. उंच, इस्त्रीचा शर्ट, जीन्स, गळ्यात साधा काळा सुती स्कार्फ. नवऱ्याशी छान हसून शेकहँड केला. मी किचनमधून बाहेर आले मात्र, याने स्कार्फ ओढून नाकापर्यंत घेतला आणि नजर कार्पेटवर लावली. मला वाटलं सर्दी असेल.

टेबलावर बसला तो हात मांडीवर ठेवून. मी वाढलं, आग्रह केला, परत वाढलं. शितालासुद्धा शिवला नाही. चहा दिला तर कपात निवून गेला. नवरा म्हणाला, "अगं, राहू दे." राहू दे काय? घरी आलेला माणूस माझ्या ताटावरून उपाशी उठतो, आणि राहू दे!

पुढच्या खेपेला वाटलं, मसाला झेपत नसेल, म्हणून पिठलं-भात केला. तेच. त्याच्या पुढच्या खेपेला वैतागून पिझ्झा मागवला. तोही नाही. तोंडावरचा स्कार्फ काही उतरला नाही. लंडनमधल्या स्फोटांना तेव्हा फार दिवस झाले नव्हते. तोंड झाकलेला सावळा तरुण आमच्या दारातून बाहेर पडला की समोरच्या घराचा पडदा हलायचा. त्या बाईंना मी फाटकापाशी गाठून सांगितलं, सर्दी आहे त्याला. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

आणि मग ब्रॅकनेलच्या मैत्रिणीचा फोन आला. होळीला मुलगी त्याला तिच्याकडे घेऊन गेली होती. मैत्रीण नुसती खूश. काय गोड मुलगा गं, म्हणाली, पुरणपोळ्या काय हादडल्यान, वर तूप मागून घेतलं, हसतो काय, बोलतो काय! माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की विचारू नका. तिच्या पोळ्या मला माहीत आहेत. पुरण कडेपर्यंत पोचत नाही.

पुढच्या शनिवारी मुलगी एकटी आली, तेव्हा मी दारातच सुरू केलं. तुझ्या त्या राजपुत्राला सांग, आईचं घर आवडत नसेल तर येऊ नकोस म्हणावं. ब्रॅकनेलला जा आणि तिथेच मांडव घाला. तिने बॅग धाडकन खाली टाकली.

"आई, मावशीसमोर तो जेवतो कारण ती त्याची कुणी नाही. तू त्याची सासू आहेस. पहिल्या दिवसापासून तो तुला सासू मानतोय, आणि तू त्याला अजून व्हिजिटरच समजतेस."

मग सगळं बाहेर आलं. त्यांच्यात चेहरा बायका झाकत नाहीत, पुरुष झाकतात. सासूसमोर तोंड उघडं दिसणं म्हणजे लाज, आणि तिच्या देखत घास घेणं म्हणजे तर कहरच. सासूशी थेट बोलायचंही नाही. जेवढा मान मोठा, तेवढा स्कार्फ वर. मी म्हटलं, अगं, मग हे आधी सांगायला काय झालं होतं? तर म्हणे, तुला कळेल असं वाटलं, तूच सांगायचीस ना, तुझी आई तुझ्या आजोबांसमोर डोक्यावर पदर घेतल्याशिवाय यायची नाही. कप्पाळ माझं! पदर घेऊन यायची, पण जेवायची तरी!

कळलं म्हणून वैताग गेला असं मुळीच नाही. उलट वाढला. जावई ताटावर बसलाय, नको नको म्हणतोय आणि आपण त्याच्या पानात आणखी एक वाढतोय, यासाठी तर मुलीची आई जन्माला येते. तेवढंच सुख नेमकं माझ्या हातून गेलं होतं. बरं, त्याचे सगळे नातेवाईक तरी असे असावेत? नाही. दुष्काळात त्यांची जनावरं मेली, बाप उंट सोडून ट्रक चालवायला लागला, आई शहराच्या कडेला मातीच्या घरात आली. चुलतभाऊ लिबियात कामाला गेले, ते आता सासूसमोर बसून बिनधास्त सिगरेटी ओढतात. मलाच बरा हा जुन्या वळणाचा मिळाला.

हे त्याने माझ्या नवऱ्याला सांगितलेलं, मी किचनच्या अर्धवट दारातून ऐकलेलं. आजोबांकडे गुलाम होते हेही त्याने सांगितलं, मान खाली घालून. त्या गुलामांची नातवंडं आता त्याच्याच गावात मास्तर आहेत, आणि त्याच्या घरच्यांना अजून त्यांच्याबरोबर सोयरीक नको असते, याची त्याला चीड होती. मी आतून ऐकत होते. आपल्याकडच्या सोयरिकीच्या गोष्टी आठवल्या. आई मात्र मातीच्या घरात झोपत नाही, म्हणाला. अंगणात तिने आपला तंबू लावलाय, त्यात झोपते. त्यांच्यात तंबू बाईचा. मुलीच्या लग्नात तिची आई तो उभा करते. नवरा-बायकोचं फाटलं तर पुरुष उंटाचं खोगीर उचलून बाहेर पडतो, बाई आणि तंबू जागच्या जागी. हे ऐकून माझा नवरा नुसताच "अच्छा, अच्छा" करत होता.

ईस्टरला दोघं परत आले. मी ताटं घेऊन हॉलच्या दाराशी पोचले, तसा स्कार्फ वर गेला. मी वळणार, तेवढ्यात तो बोलायला लागला. अर्थात नवऱ्याशी, नजर खाली.

"त्या नोकरीला मी अजून हो म्हटलेलं नाही. आधी मुलीच्या आईला विचारायचंय. तंबू कुठे लावायचा?"

नवरा गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. मुलगी हळूच म्हणाली, "आई, त्यांच्यात सुरुवातीची वर्षं मुलगी आईच्या तळावरच राहते. तू सांगशील तिथे."

मी ताटं धरून तशीच उभी. नवऱ्याला हॉस्पिटलची पोस्ट जिथे मिळेल तिथे आमचं बिऱ्हाड जायचं. हल, स्वानसी, डंडी, कुठलं कुठलं गाव. खोके मी बांधले, खोके मी सोडले, प्रत्येक गावी पडदे मी नव्याने कापले. कुठे राहायचं, असं मला नवऱ्याने विचारलं नव्हतं, आणि त्याच्याआधी वडिलांनीही नाही. आणि हा, ज्याचं तोंड मी धड पाहिलेलं नव्हतं, तो विचारत होता. मला रडूच आलं. नवऱ्याला वाटलं, मी चिडले.

"अहो, त्याला सांगा," मी म्हटलं, "इथेच. मला चालत जाता येईल एवढ्यावर."

ताटं टेबलावर ठेवली, वाटीत रस्सा काठोकाठ भरला आणि बाहेर येऊन दार लावून घेतलं. त्याला भूक लागली असणार.